शेजारणीचा व्यायाम तुमच्या कंबरेला का चालला नाही

प्रश्न : मॅडम, मी अशोक चौकाच्या मागे राहते. वय ४३. लग्नाच्या आधीपासून विड्या वळते, दिवसाला आठशे ते हजार. चार महिने झाले, कंबरेच्या डाव्या बाजूनं कळ निघते ती कुल्ल्यातून, मांडीच्या बाहेरनं पोटरीत उतरते. कधी कधी पायाच्या अंगठ्यापर्यंत जाते. सूप घेऊन बसलं की वाढते, शिंकलं-खोकलं की चमक भरते. चालताना त्यातल्या त्यात बरं वाटतं. एमआरआय काढला, चौथ्या-पाचव्या मणक्यातली गादी फुगलीय असं आलं. दहा दिवस मशीनचा शेक घेतला, वजन लावलं, पट्टा घेतला. तेवढ्यापुरतं बरं. बारा व्यायामांचा कागद दिला होता. चार दिवस सगळे केले, दुखणं वाढलं, सोडून दिलं. शेजारच्या आजी ६८ वर्षांच्या आहेत, त्यांना गुडघे पोटाशी घ्यायच्या व्यायामानं फरक पडला. तोच मी केला, तर दुसऱ्या दिवशी उठवेना. एक डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करा, नणंद म्हणते चोळून घे. उजव्या हाताची बोटंही रात्री बधिर होतात. व्यायामानं खरंच बरं होतं, की गरिबाला वाटेला लावायला सांगतात? आमचे मालक म्हणतात ऑर्थोची गादी आणू, अठरा हजारांची आहे. आणावी का?
— एक भगिनी, सोलापूर

उत्तर :

ताई, वाटेला लावण्याचा प्रश्न आधी घेते. ती शंका मनात असली की कुठलाही व्यायाम चार दिवसांपलीकडे जात नाही. कंबरेतून पायात उतरणाऱ्या दुखण्यावर व्यायाम हा पहिल्या रांगेतला उपाय आहे. पैसेवाल्यालाही तोच सांगतात, फक्त एसीत बसवून सांगतात. पण तुम्हाला दिलेला तो बारा व्यायामांचा कागद मी न बघताही ओळखते. त्यातले काही पुढे वाकवणारे असणार, काही मागे वाकवणारे, दोनचार पाय ताणायचे. एकच झेरॉक्स, येईल त्याच्या हातात. अशा कागदावरचे बाराच्या बारा व्यायाम एकाच कंबरेला चालणं अवघडच. तुमचं दुखणं वाढलं यात तुमचं काही चुकलेलं नाही.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची माहिती एमआरआयची नाही. बसलं की वाढतं, चाललं की बरं वाटतं आणि गुडघे पोटाशी घेतले की दुसऱ्या दिवशी उठवत नाही, ही ती माहिती. यावरून तुमची कंबर कुठल्या बाजूला वाकलेली खपवून घेते आणि कुठल्या बाजूला नाही, हे बरंचसं कळतं. आजींचं बहुधा याच्या उलट असेल. त्यांना विचारून बघा: चालताना, उभं राहताना पाय भरून येतात का, आणि खाली बसलं किंवा भाजीच्या गाड्यावर वाकून उभं राहिलं की मोकळं वाटतं का? ‘हो’ म्हणाल्या तर वयानं मणक्यातली शिरांची वाट अरुंद झालेली असावी. पुढं वाकलं की ती वाट जराशी उघडते, म्हणून गुडघे पोटाशी घेणं त्यांना मानवतं. तुमच्याकडे गादीचा फुगवटा मागच्या बाजूला येऊन शिरेच्या मुळाला डिवचतोय असं दिसतं. पुढं वाकलं की त्यात भर पडते. दोघींची कंबर दुखते, दोघींचा पाय दुखतो, भिंत एक, पण औषध मात्र उलटं.

व्यायामाकडे वळण्याआधी चार गोष्टी तपासून घ्या. हे टाळू नका. लघवीच्या, शौचाच्या जागी किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, लघवी अडली किंवा न कळत झाली, दोन्ही पायांतली ताकद एकदम कमी झाली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मणक्याचा सर्जन असलेल्या हॉस्पिटलात जायचं. तिथे तासांचा हिशेब असतो, उद्या बघू म्हणायचं नाही. दुसरं, टाचांवर उभं राहून दहा पावलं चालून बघा. डावा पंजा खाली पडत असेल किंवा त्या पायाच्या अंगठ्यात वर उचलताना उजव्यापेक्षा स्पष्ट कमी जोर असेल, तर शीर नुसती दुखत नाही, कामही सोडतेय. तेव्हा आठवड्याच्या आत डॉक्टर गाठा, आणि पंजा आधीपेक्षा जास्त पडायला लागला असेल तर त्याच दिवशी. तिसरं, संध्याकाळी कणकण, वजन उतरणं, रात्री कूस बदलूनही न थांबणारं दुखणं. आपल्याकडे मणक्याचा टीबी अजून आहे, तो असा गुपचूप येतो. चौथं, पडल्या-झडल्यानंतर सुरू झालेलं किंवा पूर्वी कॅन्सर झालेल्या माणसाचं दुखणं. यातलं काही नसेल तर पुढचं वाचा.

रिपोर्टमधल्या ‘गादी फुगली’ या दोन शब्दांनी तुमच्या घरात बरीच झोप उडाली असणार. २०१५ मध्ये ३३ अभ्यास एकत्र करून एक आढावा छापून आला. त्यात पाठीचं काहीही दुखणं नसलेल्या ३,११० माणसांचे एमआरआय आणि सीटी स्कॅन होते. चाळिशीतल्या निम्म्या माणसांत गादी फुगलेली निघाली. विशीत हे प्रमाण ३० टक्के, ऐंशीत ८४ टक्के. ही सगळी न दुखणारी माणसं, ध्यानात घ्या. तुमची गादी दुखत नाही असं मी म्हणत नाही. पायात अंगठ्यापर्यंत उतरणारी कळ आणि चौथ्या-पाचव्या मणक्याचा रिपोर्ट एकमेकांशी जुळतात. पण फुगवटा दिसला म्हणजे तो जन्मभर तसाच राहणार, असंही नाही. अशा काही गाद्या महिन्यांच्या हिशेबानं आपोआप आक्रसतात. व्यायाम त्या काळात शिरेला डिवचणं थांबवतो आणि कंबरेला परत कामाला लावतो. म्हणून दर दोन महिन्यांनी नवा एमआरआय काढत बसू नका. त्या पैशात फिजिओच्या बऱ्याच फेऱ्या होतील.

मूळ गोष्ट आता. १९५६ मध्ये न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमध्ये रॉबिन मॅकेन्झी नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे एक पेशंट यायचा. त्याची कळ कंबरेतून पायात जायची आणि तीन आठवडे उपचार करूनही काही फरक नव्हता. त्या दिवशी त्याला सांगितलं, आत जा आणि टेबलावर पालथे पडा. टेबलाची डोक्याकडची बाजू आधीच्या पेशंटसाठी उचललेली तशीच राहिली होती. हा बिचारा त्यावर तसाच पालथा पडला, म्हणजे कंबर चांगली मागे वाकलेली. त्या काळात ही अवस्था घातक समजत. मॅकेन्झी थोड्या वेळानं आत येऊन बघतात तर पेशंट खुशीत, पायातली कळ गेलेली. मॅकेन्झींनी पुढची कित्येक वर्षं हाच धागा धरला: पेशंटची कंबर एकेका दिशेला वारंवार वाकवून बघायची आणि कळ कुठे सरकते ते विचारायचं.

त्यातून निघालेला नियम तुम्हाला घरी वापरता येतो. व्यायाम करताना पायातली कळ पोटरीतून मांडीत, मांडीतून कुल्ल्यात, कुल्ल्यातून कंबरेत अशी वर चढत असेल तर तो व्यायाम तुमचा. कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. कळ खाली उतरत असेल, कंबर हलकी पण पोटरी-अंगठा भडकलेला, तर तो व्यायाम तुमचा नाही. मग तो कुणीही सांगितलेला असो, मीही. फिजिओ याला सेंट्रलायझेशन म्हणतात. बायका इथेच फसतात. कंबर दुखायला लागली की घाबरून सोडतात, आणि कंबर हलकी होऊन पाय पेटला तर ‘बरं वाटतंय’ म्हणून चालू ठेवतात.

तुम्ही सुरुवात अशी करा. जमिनीवर सतरंजी, तिच्यावर आपली सोलापुरी चादर दुहेरी. पालथं पडायचं, हात अंगाजवळ, मान एका कुशीला, पोटाखाली उशी नाही. दोन-तीन मिनिटं नुसतं पडून राहा, श्वास सोडताना कुल्ले सैल सोडा. कंबर इतकी आखडलेली असेल की एवढंही जमत नाही, तर पहिले दोन दिवस पोटाखाली पातळ उशी घ्या आणि मग ती काढा. हे सहन झालं की कोपरांवर या. कोपर खांद्याच्या बरोबर खाली, छाती उचललेली, पोट जमिनीला. परत दोन मिनिटं. इथे थांबून विचारा, कळ कुठंय? वर सरकली किंवा तिथंच आहे पण हलकी झाली, तर पुढे जा. अंगठ्याकडे धावली तर मागे या, पालथं पडा, आणि त्या दिवशी एवढंच.

पुढची पायरी तळव्यांवर. तळवे खांद्यांखाली ठेवून हात सरळ करत छाती वर न्यायची, कंबर आणि पाय मेल्यासारखे ढिले सोडायचे. ओटीपोट जमिनीकडे लोंबलं पाहिजे. भुजंगासनासारखं दिसतं, पण योगवर्गात पाठीच्या स्नायूंनी उचलायला सांगतात. इथे पाठीनं काहीच करायचं नाही, सगळा जोर हातांचा. वर एक-दोन सेकंद, मग खाली. अशा दहा वेळा. पहिल्या तीन-चार वेळा आखडतं, सातव्या-आठव्या वेळेला कंबर जास्त खाली जायला लागते. असं होत असेल तर बरोबर चाललंय. हे दिवसातून एकदाच दहा मिनिटं करून भागत नाही. दर दोन-तीन तासांनी दहा वेळा, म्हणजे दिवसातून पाच-सहा खेपा. एका खेपेला दोन मिनिटंही लागत नाहीत. दुपारी जमिनीवर पडणं शक्य नसेल तर उभ्यानं, दोन्ही हात कंबरेवर ठेवून मागं वाकायचं, दहा वेळा. तेवढं दारातही होतं.

तीन-चार दिवसांत कळ वर सरकायला लागली पाहिजे. आठवडाभर नीट करूनही ती तसूभर हलली नाही, किंवा मागं वाकलं की पायच भडकतो, तर माझा अंदाज तुमच्याबाबत चुकीचा समजा आणि हात लावून तपासणारा फिजिओ शोधा. काही जणांना आधी कंबर बाजूला सरकवावी लागते. आरशात बघितलं तर त्यांचं धड एका बाजूला झुकलेलं दिसतं. ते पत्रातून शिकवण्यासारखं नाही. सिव्हिलला फिजिओथेरपीची ओपीडी आहे. रांग असते हे खरं, पण तिथे गेलात तर एकच वाक्य सांगा: ‘कुठल्या बाजूला वाकल्यावर कळ वर चढते ते बघून द्या.’ चांगला फिजिओ लगेच खूश होईल. जो ऐकून न ऐकल्यासारखं करून मशीन लावेल, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

पाय मोकळा झाला पण पोटरीच्या मागे ताण, मुंग्या राहिल्या, तर शिरेचा एक व्यायाम जोडा. शीर तिच्या वाटेत मागं-पुढं सरकत असते, परकराच्या नेफ्यातल्या नाडीसारखी. दोन्ही टोकं एकदम ओढली की ती तटतटते. एक ओढून दुसरं ढिलं सोडलं की नुसती सरकते. खुर्चीवर ताठ बसा. डावा गुडघा सरळ करत पाय उचला आणि त्याच वेळी मान वर, छताकडे. मग गुडघा वाकवून पाय खाली आणि त्याच वेळी हनुवटी छातीकडे. संथपणे दहा वेळा, दिवसातून दोनदा. ताणून धरायचं नाही. भिंतीला पाय लावून किंवा पंजाला टॉवेल अडकवून शीर खेचायचे व्यायाम लोक हौसेनं करतात. चिडलेल्या शिरेला ते आणखी चिडवतात. तुमच्या कागदावर ते असणारच, त्यावर काट मारा.

ताकदीचे व्यायाम नंतर, कळ गुडघ्याच्या वर आली की. तीनच पुरेत. पहिला रांगत्या बाळाच्या अवस्थेत: उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ, कंबर टेबलासारखी सपाट, मग बाजू बदलून. दुसरा उताणं झोपून, गुडघे वाकवून, पावलं टेकून कुल्ले उचलायचा. तिसरा कुशीवर, कोपर आणि गुडघ्यावर अंग उचलायचा. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात स्टुअर्ट मॅकगिल यांनी मणक्यावर कित्येक वर्षं काम केलं. एका वेळी १० सेकंदांच्या वर धरू नका, हवं तर खेपा वाढवा, असं त्यांचं सांगणं असतं. पहिल्या दिवशी एकेका बाजूला सहा वेळा, थोडा दम, मग चार, मग दोन, एवढं भरपूर. उठाबशा आणि पाय सरळ ठेवून वाकून अंगठे धरणं सध्या अजिबात नको.

आता विड्यांकडे, कारण दिवसभर दहा तास बिघडवायचं आणि दहा मिनिटं दुरुस्त करायचं, हे गणित बसत नाही. मांडी घालून, मांडीवर सूप, मान खाली, खांदे पुढं, कंबर गोल. पूर्व भागातल्या घराघरांत उंबऱ्याजवळ हेच दिसतं. ‘नडुमु नोप्पी’ (तेलुगूत कंबरदुखी) म्हणत येणाऱ्या बायकांची कंबर मी बघते तेव्हा बहुतेकींचं मूळ याच बसण्यात निघतं. काम सोडा असं सांगणाऱ्यांपैकी मी नाही. सोडून काय करणार? पण बसणं थोडं बदलता येतं. सपाट जमिनीवर मांडी घातली की गुडघे वर राहतात आणि कंबर गोल व्हावीच लागते. म्हणून कुल्ल्यांखाली चारपाच इंच उंचीचा पाट किंवा घट्ट घडी घातलेल्या दोन चादरी घ्या, नुसत्या कुल्ल्यांखाली, मांड्यांखाली नाही. गुडघे कुल्ल्यांच्या खाली गेले की कंबर आपसूक सरळ होते. पाठ भिंतीला, कंबरेच्या खोलगट भागात टॉवेलची गुंडाळी. आपल्या टॉवेलला अजून काय काय कामाला लावणार कोण जाणे, पण यासाठी तो खरंच योग्य जाडीचा असतो. सूप मांडीवर ठेवण्याऐवजी दोन्ही गुडघ्यांवर आडव्या ठेवलेल्या फळीवर ठेवून बघा, मान तेवढी कमी वाकेल. पायांची बाजू बदलत राहा, एकदा मांडी, एकदा एक पाय लांब.

आणि दर शंभर विड्यांनी उठायचं. तुमच्या वेगानं शंभर म्हणजे तासाभराच्या आसपास. उठलं की उभ्यानं पाच वेळा मागं वाका, दारापर्यंत जाऊन या, परत बसा. एक मिनिटाचं काम. हजारामागं दहा मिनिटं जातात. ‘माल कमी होईल’ असं वाटेल, पण दुखण्यापायी अर्ध्या तासानं कूस बदलत, कण्हत वळलेल्या विड्यांचा वेळ कुणी मोजलाय?

दुसरी जागा पाण्याची. आपल्या नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही. आलं की घागरी, बादल्या, पिंप सगळं तासाभरात भरायचं, आणि पुष्कळदा ते पहाटे येतं. पहाटेची वेळ कंबरेला सगळ्यात वाईट. रात्रभर आडवं असताना मणक्यातल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. उठल्यावर पहिला तासभर त्या तटतटलेल्या असतात आणि तेव्हा वाकलं की ताण नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त पडतो. १९९८ मध्ये अमेरिकेत यावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जुनी कंबरदुखी असलेल्या लोकांना एवढंच पथ्य दिलं, उठल्यानंतरचे पहिले काही तास कंबरेतून वाकायचं नाही. त्यांचं दुखणं कमी झालं. गोळी नाही, मशीन नाही.

म्हणून पाण्याच्या दिवशी उचलाउचल पोरांवर किंवा मालकांवर सोपवा. अठरा हजारांची गादी आणायला तयार असलेला माणूस घागर उचलायला नाही म्हणणार नाही. तुम्ही नळाला पाइप लावून उभं राहायचं काम घ्या. अगदीच वेळ आली तर भरलेल्या घागरीऐवजी दोन हातांत दोन अर्ध्या बादल्या. वाकताना कंबर न वाकवता कुल्ले मागं न्या, गुडघे मोडा, बादली पायांजवळ आणा आणि मग उठा. कंबरेवर घागर घेऊन एका बाजूला झुकून चालणं हे दुखणं असेपर्यंत बंद. सडा-रांगोळी, केर, फरशी पुसणं हेही उठल्या उठल्या नको. उठून तासभर चालती-फिरती कामं करा, मग वाकायची.

चालणं तुम्हाला मानवतं, तर ते औषध म्हणून घ्या. सलग तासभर नको. दहा-दहा मिनिटं, दिवसातून तीनदा. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी कोण चालणार, म्हणून सकाळी, सूर्य वर यायच्या आत, आणि दोनदा दिवे लागल्यावर.

शेक, वजन आणि पट्टा याबद्दल. शेकानं स्नायू सैल पडतात, व्यायामाआधी घेतला तर चांगलाच, गरम पाण्याच्या पिशवीनंही होतो. बाकीच्या दोन्हींबद्दल माझं मत कडक आहे आणि मी एकटी नाही. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जुनाट कंबरदुखीसाठी सूचना काढल्या. त्यात व्यायाम आणि समजावून सांगणं यांची शिफारस आहे, आणि पट्टा व वजन लावणं हे नेहमीचे उपचार म्हणून वापरू नयेत असं म्हटलंय. पट्टा प्रवासाला, एसटीच्या धक्क्यांना, पाण्याच्या दिवशी तासभर लावा. घरात दिवसभर बांधून बसू नका. चोळून घेण्याचं म्हणाल तर तेल लावून हलक्या हातानं कुणी कुल्ला-मांडी रगडली तर बिघडत नाही. पण कंबरेवर पाय देणारा, ‘कट्’ आवाज काढून गादी बसवतो म्हणणारा नको. नणंदेला माझं नाव सांगा.

ऑपरेशनबद्दल घाबरण्यासारखं काही नाही, आणि घाई करण्यासारखंही. नेदरलँड्समध्ये २००७ साली तुमच्यासारख्याच पायात उतरणाऱ्या कळेचे २८३ पेशंट दोन गटांत विभागले. एका गटाचं लवकर ऑपरेशन, दुसऱ्याला थांबून उपचार. ऑपरेशनवाल्यांची कळ लवकर गेली, यात वाद नाही. वर्षअखेरीला दोन्ही गट जवळजवळ सारखे. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मात्र शेवटी ऑपरेशन करावंच लागलं, हेही सांगितलं पाहिजे. तेव्हा टाचांवर चालता येत असेल, पंजा पडत नसेल, तर सहा आठवडे नेमका व्यायाम करून बघायला हरकत नाही. तुमचे चार महिने झाले खरे, पण त्यात तुमच्या कंबरेचा म्हणावा असा व्यायाम एकही दिवस झालेला नाही. सहा आठवड्यांनी कळ होती तिथंच असेल, झोप लागत नसेल, तर त्या डॉक्टरांकडे परत जा आणि बिनदिक्कत ऑपरेशनचं बोला. हे सहा आठवडे वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. मेडिकलमधून स्वतःच पट्टीच्या पट्टी आणून खाल्ल्या की पोट आणि किडनी दोन्ही बिघडतात.

हाताचं दुखणं कंबरेचं नाही, ते वेगळंच. कुठली बोटं बधिर होतात ते लिहिलं नाहीत. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू असेल, रात्री जाग येऊन हात झटकावासा वाटत असेल, तर मनगटात शीर दबतेय. दिवसभर कात्रीनं पान कापणं, मनगट वाकवून वळणं, दोरा गुंडाळणं, यात ती सुजते. मेडिकलमध्ये मनगट सरळ ठेवणारा पट्टा मिळतो. आतली पट्टी हात मागं वाकवणारी असेल तर सरळ करून घ्या. तो रात्री झोपताना बांधायचा, सहा आठवडे तरी. कंबरेच्या पट्ट्याबद्दल एवढं बोलून हा बांधायला सांगतेय, पण या दुखण्यात तो खरंच उपयोगी पडतो. बोटांचा व्यायाम: पाची बोटं सरळ, मग फक्त वरची पेरं वाकवून आकडा, मग पूर्ण मूठ, परत सरळ, दहा वेळा, शंभर विड्यांनी उठाल तेव्हाच. शुगर आणि थायरॉइड एकदा तपासा, दोन्हींमुळे हे दुखणं वाढतं. करंगळी बधिर होत असेल तर दोष मनगटात नाही, कोपरात असण्याची शक्यता जास्त. मान हलवली की हातात मुंग्या येत असतील तर मान तपासा. आणि अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा उजव्या हातावर सपाट झालेला दिसला, तर व्यायाम करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

राहिली गादी. कडक गादी म्हणजे कंबरेला चांगली, हे कुणी पसरवलं देव जाणे. २००३ मध्ये स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या लोकांना निम्म्यांना कडक आणि निम्म्यांना मध्यम कडक गादी देऊन तीन महिने बघितलं. मध्यमवाल्यांना जास्त बरं वाटलं. तुमच्या घरातली कापसाची गादी मध्ये खड्डा पडलेली असेल तर पिंजून घ्या, नाहीतर खाली सतरंजी आणि वर दोन चादरी टाका. कुशीवर झोपताना गुडघ्यांच्या मध्ये उशी. अठरा हजारांतले हजार-दीड हजार मनगटाचा पट्टा, शुगर-थायरॉइडची तपासणी आणि फिजिओच्या दोन-तीन फेऱ्यांना ठेवा. बाकीचे मालकांना सांगा, राहू द्यात खात्यात.